वृद्धाश्रम, सहाय्यक निवास की शुश्रूषा केंद्र: आईवडिलांसाठी जागा कशी ठरवावी

मुंबईतील बहुतेक कुटुंबांवर हा निर्णय घेण्याची वेळ अचानक येते. आई न्हाणीघरात घसरते, खुब्याची शस्त्रक्रिया होते, डिस्चार्ज दोन दिवसांवर येतो आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. मग ओळखीतून मिळालेल्या पहिल्याच संस्थेत नाव नोंदवले जाते आणि ही जागा आपल्या माणसासाठी नव्हतीच, हे महिन्याभराने कळते.

म्हणून जागा पाहण्याआधी ज्येष्ठ व्यक्तीचा दिवस नीट पाहावा. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा गोष्टी ती स्वतः करते, आधाराने करते की करूच शकत नाही, हे कागदावर लिहून काढावे. औषधे आठवणीने घेते का, रात्री किती वेळा उठते, बाहेर पडल्यावर रस्ता चुकते का, याचीही नोंद असावी.

सहाही गोष्टी स्वतः करणाऱ्यांना साधा वृद्धाश्रम पुरतो. तेथे राहणे, जेवण आणि सोबत मिळते, पण शुश्रूषा मिळेलच असे नाही. अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे, अशी अट अनेक ठिकाणी प्रवेश अर्जातच असते. ऐपत असलेल्यांसाठी नेरळ, कर्जत, पनवेल या बाजूला ज्येष्ठांची गृहसंकुले आहेत. अशा प्रकल्पांसाठी महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली असून रुंद दारे, पायऱ्यांऐवजी उतार, न घसरणाऱ्या फरश्या आणि शौचालयात धरायचे दांडे या बाबी त्यांत आहेत. घर पाहताना त्या एकेक करून तपासाव्यात.

एक-दोन गोष्टींत रोज दुसऱ्याचा हात लागत असेल, तर सहाय्यक निवास, म्हणजे राहण्याबरोबर रोजच्या कामांत मदत देणारी जागा, शोधावी. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्ननळी), कॅथेटर (लघवीची नळी) किंवा बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) असल्यास मात्र चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका असलेले शुश्रूषा केंद्रच हवे. तेथे प्रेमळ मावशींवर भागत नाही. स्मृतिभ्रंशासाठी वेगळा विभाग असलेली जागा निवडावी, कारण अशा रुग्णाला कोंडून किंवा गुंगीत ठेवणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत वेदनाशमन महत्त्वाचे असते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करीत आहे.

घरीच ठेवायचे असल्यास ब्यूरोची, म्हणजे घरी काळजीवाहक पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई हा मुंबईतला रुळलेला मार्ग आहे. तिचे ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी पाहावी आणि ती रजेवर गेल्यास बदली कोण येणार, हे ब्यूरोकडून आधीच लेखी घ्यावे.

संस्था पाहायला रविवारी सकाळी, सगळे टापटीप असताना जाऊ नये; आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, जेवणाच्या वेळी जावे. शौचालयाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते का, कमोडशेजारचा दांडा हाताने हलवला तर डुगडुगतो का, पलंगावर झोपून घंटेपर्यंत हात पोहोचतो का, हे स्वतः करून पाहावे. भरवणारी व्यक्ती समोर बसून, घास गिळू देत भरवते की उभ्याने उरकते, यावरून तर मला वाटते बरेचसे कळून येते. रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी असतात, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, अनामत परत मिळते का आणि डायपर, औषधे, फिजिओथेरपी यांचे पैसे वेगळे लागतात का, हेही विचारावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच: प्रकृती ढासळली, तर तुम्ही यांना ठेवून घ्याल का? उत्तर करारात लिहून मागावे.

जिला जायचे आहे तिला या साऱ्यात सामील करून घ्यावे आणि शक्य असल्यास आधी थोडे दिवस तेथे राहून पाहू द्यावे.

खर्चासाठी आईवडिलांचे घर मुलांच्या नावावर करण्याचा विषय निघाला, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास या कायद्याखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. मार्गदर्शनासाठी किंवा छळाच्या तक्रारीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ विनामूल्य उपलब्ध आहे.