ऑफिसचा ई-कचरा काढताना या चुका टाळा

मार्च जवळ आला की सातारा-सांगलीतल्या पतसंस्था, कॉलेजं, कारखान्यांत निर्लेखनाची (जुनं सामान नोंदीतून कमी करून काढून टाकण्याची) धांदल उडते. ठराव होतो, दरपत्रकं येतात आणि किलोमागे दोन रुपये जास्त देणाऱ्या भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

त्याला दर परवडतो, कारण विल्हेवाटीचा खर्च तो करतच नाही. जुन्या डबा मॉनिटरमधली तांब्याची कॉइल काढून शिसं असलेली काच ओढ्यात टाकतो, वायरी जाळून तांबं मोकळं करतो. नियमाने काम करणाऱ्याचा दर कमीच येणार. तरी लेखापरीक्षणात दर कमी का घेतला, एवढंच विचारलं जातं!

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. वर्षात कधीही 1000 किंवा जास्त उपकरणं (संगणक, प्रिंटर, फोन, एसी वगैरे) वापरात असतील, तर तुम्ही मोठे ग्राहक. माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलरलाच द्यायचा. संख्या कमी असली तरी हाच रस्ता धरा.

भंगारवाला प्रदूषण नियंत्रण ‘मंडळाचं लेटर’ दाखवतो. ते बऱ्याचदा 2016 च्या नियमांतलं डिसमँटलरचं, म्हणजे उपकरणं फक्त सुटी करणाऱ्याचं, निघतं. नव्या नियमांत तो वर्गच नाही. नाहीतर परगावच्या कंपनीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, आणि पावती तिसऱ्याच नावाची. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव, नोंदणी क्रमांक, मुदत आणि उपकरणांचा प्रकार स्वतः बघा. बिल त्याच नावाचं घ्या. डेडस्टॉक रजिस्टरमधल्या (संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीतल्या) सीरियल नंबरांची यादी आणि वजनकाट्याची पावती बिलाला जोडा. रॅम, प्रोसेसर आधीच काढून विकू नका. मग उरलेल्या सांगाड्याला चांगला रिसायकलर हातही लावत नाही.

यूपीएसच्या बॅटऱ्या वजनात घुसडू नका. त्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 लागू आहेत. बिल वेगळं, वाट वेगळी.

हार्ड डिस्क फॉरमॅट केली म्हणजे खातेदारांची माहिती पुसली जात नाही. आधी सगळी डिस्क ओव्हरराइट करा, मग तबकड्यांतून ड्रिल आरपार घाला. एसएसडीत (तबकड्यांऐवजी चिप असलेल्या डिस्कमध्ये) प्रत्येक चिप फुटली पाहिजे. मधोमध एक भोक पाडून भागत नाही.

फुगलेला मोबाइल सेल टोचायचा नाही. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीपासून लांब ठेवा.

साठा तळघरात नको; 2019 चा महापूर सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. आणि वर्षानुवर्षं साठवूही नका, रिसायकलरलासुद्धा 180 दिवसांचीच मुभा आहे.

ट्यूबलाइट पोत्यात कोंबू नका. फुटली की पारा हवेत जातो. खोक्यात उभ्या ठेवा.