टोचन करून आल्यावर पिकअप गाडीचा टेंपरेचरचा काटा वरखाली होतोय? या चुका टाळा

कसारा घाटात बंद पडलेली गाडी पिकअपने टोचन लावून (दोरी बांधून) वर ओढली. दुसऱ्या दिवशी पिकअप रिकामी, तरी टेंपरेचरचा काटा मध्येच चढतो, मध्येच उतरतो. अशा वेळी आधी थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), मग वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), मग रेडिएटर असे एकेक पार्ट बदलत जाणे ही सगळ्यात महागडी चूक. काटा नेमका कधी चढतो, ते आधी बघा.

सिग्नलला किंवा हळू चढताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर फॅन तपासा. इंजिनवर फिरणाऱ्या फॅनचे व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर फॅनला जोरात फिरवणारा जोड) चांगले असेल, तर तापल्यावर फॅनची घरघर स्पष्ट ऐकू येते. एसीच्या कंडेन्सरमागे भुसा-धूळ अडकलेली असते, तीही बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, तेही हलक्या प्रेशरने. हायवेवर लोडमध्येच तापत असेल, तर रेडिएटर आतून चोक झाल्याची शक्यता जास्त. बोअरचे पाणी घालणाऱ्यांकडे हे हमखास. हेडलाइट लावताच काटा उडाला, तर दोष अर्थिंगचा किंवा वायरिंगचा. पाणी असे क्षणात तापत नाही.

टोचननंतर मात्र मला पहिला संशय येतो तो रेडिएटरच्या झाकणावर. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, म्हणजे तेवढा बार दाब ते धरते. १.१ बारला साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे उकळते. झाकणाचे रबर गेले की दाब टिकत नाही, चढावर कूलंट उकळून बाहेर पडते आणि आत हवा शिरते. सेन्सरला कधी पाणी लागते, कधी वाफ, म्हणून काटा नाचतो. रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीत लेव्हल दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असे होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून बघा. गरम असताना कधीही नाही, चेहरा भाजतो. झाकण त्याच आकड्याचे घ्या, कूलंट भरा, हवा नीट काढा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका. इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो. संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा.

एवढे करूनही लेव्हल रोज उतरते, गळती कुठे दिसत नाही, आणि थंड गाडी चालू करताच होज पाइप दगडासारखा कडक होतो किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात? मग हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) गेलेले असण्याची शक्यता मोठी. पाणी टाकत टाकत गाडी दामटू नका, हेड वाकते. गाडी जागेवर उभी करा आणि प्रेशर टेस्ट करून घ्या.