टीपीएस बदलताय? आधी मीटर लावा, या चुका टाळा

सायनच्या सिग्नलला गाडी उभी आहे, आरपीएमचा काटा उगाच वर-खाली नाचतोय, आणि सिग्नल सुटल्यावर रेस दिली की गाडी आधी गचका मारते, मग पळते. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं: "टीपीएस गेलाय, बदलून टाकू." टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर; इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडलीय, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. मीही एकदा मान डोलावली. नवा सेन्सर बसला, पैसे गेले, गचका तसाच. शेवटी सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) उघडला तर आत एक पिन हिरवी पडलेली. दोन पावसाळे रस्त्यावर काढलेल्या गाडीत दुसरं काय सापडणार?

मल्टिमीटरने न मोजता बदलणं ही सगळ्यात महाग चूक. थ्रॉटल पोझिशन सेन्सर, निदान जुन्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांतला, रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखाच चालतो. वायरी तीन: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. इग्निशन ऑन, इंजिन बंद, कपलर जोडलेलाच ठेवा. मीटर लावायला टाचणी कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने आत सरकवा. वायर टोचू नका. आपल्या दमट हवेत त्या भोकातूनच तांबं काळं पडायला लागतं. पेडल सोडलेलं असताना सिग्नलवर साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर ४.५च्या आसपास दिसायला हवेत. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. ५ व्होल्टच पोचत नसतील किंवा अर्थ कच्चा असेल, तर सेन्सरला दोष देऊ नका. स्कॅनरवर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) पी०१२२ हा कोड आला म्हणजे सिग्नल कमी येतोय एवढंच. तुटलेल्या वायरीनेही तो येतो.

आता पेडल अगदी हळू दाबत जा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. मधेच पडला, तर आतली पट्टी झिजली. ही पडझड डिजिटल मीटरवर निसटते; काट्याचा मीटर लगेच दाखवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो अजून मिळतो.

सेन्सरची अ‍ॅडजस्टमेंट फक्त स्क्रूची भोकं लांबट असतील तरच. त्याआधी थ्रॉटल बॉडी साफ करा, कारण कार्बनमुळे झडप पूर्ण मिटत नाही आणि तुम्ही चुकीच्या शून्यावर सेन्सर लावून बसता. स्क्रू किंचित सैल करा, सेन्सर केसभर फिरवा, आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना तो हमखास सरकतो. आयडलिंग वाढवायला झडपेचा स्टॉप स्क्रू पिळणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका.

पेडलपासून झडपेपर्यंत केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत हे काहीच करायचं नाही. इग्निशन ऑन असताना झडपेत बोट तर मुळीच घालू नका, मोटर ते चिरडेल. साफसफाईनंतर काही गाड्यांना स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावं लागतं.

माझा काढलेला सेन्सर मी मागून घेतला होता. घरी काट्याचा मीटर ओहमवर ठेवून लावला, सेन्सर फिरवला, काटा लोण्यासारखा सरकत गेला. आता तो डिकीत स्टेपनीखाली पडलेला असतो.