व्हीएम सुरू करताना मेमरीचा एरर येतोय? रॅम विकत घ्यायच्या आधी हे तपासा

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) बनवायची आणि तिच्यात उबुंटू नाहीतर काली हे लिनक्स चालवायचं हे डिप्लोमा, बीएस्सी आयटी, एमसीए करणारी बरीच मुलं करतात, आणि पहिला अडथळा लागतो तो मेमरीचाच. मग कोणीतरी सांगतं रॅम वाढव, कोणी सांगतं स्लायडर पुढे ओढ, आणि घरच्यांचे तीन-चार हजार खर्च होऊनही एरर तसाच राहतो. ते होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एवढंच बघा की एरर नेमका कुठे येतोय. स्टार्ट दाबलं की लगेच मेसेज येतो आणि व्हीएम उघडतच नाही, तर मेमरी तुमच्या खऱ्या मशीनला म्हणजे होस्टला कमी पडतेय. व्हीएम व्यवस्थित उघडते, आतलं लिनक्स किंवा विंडोज चालू होतं आणि मग आतला एखादा प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो, तर मेमरी आतल्याला म्हणजे गेस्टला कमी पडतेय. आणि कधी आत कधी बाहेर, आज निळा स्क्रीन तर उद्या झिप फाईल करप्ट, कशाचा कशाला मेळ नाही असं असेल तर रॅम कमी नाहीये, रॅम खराब असण्याची शक्यता जास्त. हे ओळखणं इतकं महत्त्वाचं का, तर तिन्हीचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. पहिल्यात व्हीएमची मेमरी बहुतेक वेळा कमी करावी लागते, दुसऱ्यात वाढवावी लागते, तिसऱ्यात सेटिंगला हात लावून काहीच होत नाही.

आता होस्टचं बघू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, त्यात मेमरी. सगळे तिथे 'इन यूज' आणि 'अव्हेलेबल' बघतात आणि म्हणतात अरे ५ जीबी मोकळी आहे तरी ४ जीबीची व्हीएम का चालू होत नाही. त्याच्या खालीच 'कमिटेड' लिहिलेलं असतं, खरा आकडा तो आहे. तो १२.९/१५.८ जीबी असा जोडीने दिसतो. पहिला भाग म्हणजे विंडोजने सगळ्या प्रोग्रॅम्सना मिळून जेवढी मेमरी द्यायचं कबूल केलंय तेवढी, मग त्यांनी ती प्रत्यक्ष वापरलेली असो वा नसो. दुसरा भाग म्हणजे कबूल करायची कमाल मर्यादा, आणि ती असते रॅम अधिक पेजफाईल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाईल वापरतं ती. व्हीएम सुरू होताना तिला दिलेल्या मेमरीची कबुली आधीच मागते, वर स्वतःसाठी थोडी जास्त. १२.९ मध्ये ४ मिळवले की १६.९ होतात, मर्यादा १५.८, विंडोज नाही म्हणतं आणि व्हर्च्युअलबॉक्स तुम्हाला शेवटी 'नो मेमरी' असलेला एक लांबलचक कोड दाखवतं. रॅम मोकळी दिसत असताना एरर येतो तो असा.

वरच्या उदाहरणात मशीन १६ जीबीचं आहे आणि मर्यादाही जेमतेम तेवढीच, म्हणजे पेजफाईल बंद आहे. एसएसडी जास्त टिकावी म्हणून पेजफाईल बंद करा असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय आणि माझ्या मते व्हीएम चालवणाऱ्यासाठी तो सरळ नुकसानीचा सल्ला आहे. परत चालू करायला स्टार्टच्या सर्चमध्ये 'व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' टाईप करा, उघडलेल्या खिडकीत परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरी, चेंज, आणि सगळ्यात वरचं 'ऑटोमॅटिकली मॅनेज' वालं टिक करून रीस्टार्ट द्या. फक्त एक लक्षात ठेवा, ऑटोमॅटिक असली तरी पेजफाईल सी ड्राईव्हच्या एकूण साईजच्या आठव्या हिश्श्यापलीकडे वाढत नाही आणि ड्राईव्हवर जागाच नसेल तर तेवढीही वाढत नाही, त्यामुळे सी ड्राईव्ह लाल झालेला असेल तर आधी तो रिकामा करा, बाकी सगळं नंतर.

पण पेजफाईलने व्हीएम सुरू होईल, वेगात चालेल असं नाही. मर्यादा वाढली तरी रॅम तेवढीच आहे, आणि व्हीएमची मेमरी डिस्कवर जायला लागली की माऊससुद्धा अडकत अडकत चालतो, जुनी हार्डडिस्क असेल तर विचारूच नका. म्हणून व्हीएमला किती द्यायची याचा हिशोब करावाच लागतो. ८ जीबीचा लॅपटॉप धरा. त्यातली थोडी ग्राफिक्सला राखून ठेवलेली असते, टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसते, काही लॅपटॉपमध्ये ती २ जीबीपर्यंत जाते आणि तिथे वापरायला ५.९ च उरतात. विंडोज ११ आणि मागे चालणाऱ्या गोष्टी मिळून सहज ३ जीबीच्या पुढे जातात. वर क्रोममध्ये लेक्चरचे टॅब उघडे. राहिलं काय, दोन-अडीच. तेवढ्यात उबुंटूचा पूर्ण डेस्कटॉप ओढाताण करतच चालणार, त्यापेक्षा झुबुंटू, लुबुंटू किंवा डेबियनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या, २ जीबीत काम होतं. काली तर २०१९ पासून एक्सएफसीईच देतं, तिथे वेगळं काही करायला नको. आणि नुसत्या कमांड शिकायच्या असतील, वेब सर्व्हर नाहीतर डेटाबेस टाकून बघायचा असेल तर डेस्कटॉप नसलेला सर्व्हर घ्या आणि एसएसएचने म्हणजे होस्टच्या टर्मिनलमधून जोडा, व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी खिडकी न उघडता व्हीएम सुरू करणारं 'हेडलेस स्टार्ट' आहे. माझं आवडतं सेटिंग हेच आहे, कमी रॅमवाल्याला यासारखी सोय नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम पूर्ण बंद करा, सेव्ह स्टेट नाही, खरोखर शटडाऊन, मग सेटिंग्ज, सिस्टिम, बेस मेमरी. स्लायडरचा हिरवा पट्टा संपतो तिथपर्यंत ओढायची घाई करू नका, तो पट्टा मशीनमध्ये एकूण रॅम किती आहे ते बघून रंगवलेला असतो, तुमच्या क्रोमने आत्ता किती खाल्लीय ते बघून नाही. आणि जुन्या ३२ बिट विंडोजवर अडकला असाल तर नवीन व्हर्च्युअलबॉक्स तिथे टाकायच्या मागे लागू नका, ६.० पासून ३२ बिट होस्ट बंदच केलाय त्यांनी.

व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे व्हीएमवेअर वर्कस्टेशन, ते वापरणारे बरेच वाढलेत, २०२४ मध्ये ते घरगुती वापराला फुकट झालं ना. तिथे मेसेज येतो 'नॉट इनफ फिजिकल मेमरी' असा. त्यांच्यासाठी एडिट मेनू, प्रेफरन्सेस, मेमरी असं जा, तिथे तीन पर्याय आहेत: व्हीएमची सगळी मेमरी रॅममध्येच बसवा, थोडी डिस्कवर जाऊ द्या, बरीचशी डिस्कवर जाऊ द्या. पहिला निवडलेला असेल तर एरर लवकर येतो, मधला बऱ्याचदा पुरतो, तिसरा अगदीच नाईलाज असेल तेव्हा. अजून एक गोष्ट जी पटकन लक्षात येत नाही, व्हीएमवेअर व्हीएम चालू असताना तिच्या फोल्डरमध्ये तिच्या रॅमएवढीच मोठी एक फाईल बनवतं, म्हणजे ४ जीबीची व्हीएम आणि त्या ड्राईव्हवर ३ जीबीच जागा असेल तर रॅम कितीही असू दे, गाडी अडणार. विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही या व्हीएम चालवायच्या सोयीतही जवळपास तसंच, तिथे विंडोज बंद होताना व्हीएमची अवस्था सेव्ह करायचं सेटिंग असेल तर तेवढी जागा आधीच अडवून ठेवली जाते.

हायपर-व्हीत 'डायनॅमिक मेमरी' आहे. तिच्यात स्टार्टअप, मिनिमम, मॅक्सिमम असे तीन आकडे असतात आणि सुरू होताना फक्त स्टार्टअपवाला आकडा मिळाला तरी चालतं. त्यामुळे होस्टवर ओढाताण असेल तर स्टार्टअप कमी ठेवा, मॅक्सिमम जास्त. पण लिनक्स इन्स्टॉल करताना डायनॅमिक बंद करून ठरलेली २ जीबी द्या, काम झालं की चालू करा, नाहीतर कमी स्टार्टअपमध्ये इन्स्टॉलर अर्ध्यावर गुदमरतो.

आणि एक लपलेला खाणारा. डॉकर डेस्कटॉप किंवा विंडोजमधलं लिनक्स म्हणजे डब्ल्यूएसएल कधी टाकलं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाने सुरू होणारी प्रोसेस शोधा. तीही एक व्हीएमच आहे, आणि मर्यादा घातली नाही तर मशीनची निम्मी रॅम घेऊ शकते. म्हणजे एक व्हीएम आधीच चालू आहे आणि तुम्ही दुसरी चालू करताय. तात्पुरतं सोडवायला डॉकर बंद करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये डब्ल्यूएसएल लिहून पुढे दोन हायफन लावून शटडाऊन द्या. कायमचं करायचं तर सी ड्राईव्हवरच्या युजर्समध्ये आपल्या नावाचा जो फोल्डर आहे त्यात डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाईल बनवा, नावाच्या आधी टिंब हवं आणि शेवटी टीएक्सटी राहू द्यायचं नाही, पहिल्या ओळीत चौकटी कंसात डब्ल्यूएसएल२, दुसऱ्या ओळीत मेमरी, बरोबरचं चिन्ह आणि ३जीबी. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली कासवाचं चित्र दिसत असेल तर ते विंडोजचं हायपर-व्ही आड आल्यामुळे आहे, त्याने व्हीएम हळू होते, मेमरी कमी पडत नाही. सेटिंगमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद केल्याने रॅम मोकळी होत नाही, ते सुरक्षेसाठी आहे, एवढ्यासाठी बंद करू नका.

होस्टवर लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये फ्री कमांड हायफन एच लावून चालवा आणि 'अव्हेलेबल'चा रकाना बघा, 'फ्री'चा नाही, कारण मोकळी रॅम लिनक्स कॅशसाठी वापरतं आणि लागली की परत देतं. इथला त्रास वेगळाच, बऱ्याचदा व्हीएम सुरू होते आणि थोड्या वेळाने काही न सांगता गायब होते. मेमरी संपली की कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा शक्यतो सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस मारतो, आणि ती नेमकी तुमची व्हीएम असते. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' असं सापडलं की समजायचं. व्हीएमची रॅम कमी करा किंवा स्वॅप म्हणजे लिनक्सची पेजफाईल वाढवा.

आता गेस्टच्या आतलं. आतल्या लिनक्समध्ये काहीतरी बिल्ड करताय आणि शेवटी नुसतं 'किल्ड' येऊन थांबतंय, किंवा आतला डॉकर कंटेनर १३७ कोड देऊन बंद पडतोय, तर बहुतेक वेळा आत मेमरी संपलीय. होस्टच्या कमिटेडमध्ये जागा असेल तर व्हीएमला अर्धा-एक जीबी वाढवून द्या. नसेल तर आतच २ जीबीची स्वॅप फाईल बनवा, वेळ लागेल पण काम पूर्ण होईल, आणि बिल्ड एकावेळी चार जॉबऐवजी एकाच जॉबवर चालवा, याने मेमरीत मोठा फरक पडतो. आयएसओ म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाईलवरून बूट होतानाच कर्नल पॅनिक येत असेल तर दिलेली रॅम बघा, लाईव्ह डेस्कटॉप आयएसओ १ जीबीत बऱ्याचदा उठतच नाही. विंडोज ११ ची व्हीएम असेल तर तिची किमान अट ४ जीबीची आहे, ८ जीबीच्या लॅपटॉपवर तिच्या नादी लागू नका असं मी स्पष्ट सांगेन.

राहिली खराब रॅम. याची खूण म्हणजे एरर दर वेळी वेगळा, आतल्या विंडोजमध्ये 'मेमरी कुड नॉट बी रीड', बाहेर 'मेमरी मॅनेजमेंट' लिहिलेला निळा स्क्रीन, एकच आयएसओ दोनदा तपासली तर चेकसम म्हणजे फाईल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा दोन वेळा वेगळा. लोक म्हणतात एरवी लॅपटॉप नीट चालतो, व्हीएम लावली कीच होतं, म्हणजे दोष व्हर्च्युअलबॉक्सचा. तसं नसतं, एरवी रॅमचा जो भाग क्वचित वापरला जातो तो व्हीएम एकदम व्यापते आणि तिथला खराब भाग तेव्हा उघडा पडतो. मेमटेस्ट८६प्लस फुकट आहे, पेनड्राईव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास, 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. मग डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग बंद करून पुन्हा टेस्ट, तरी आलं तर एकेक स्टिक काढून टेस्ट, म्हणजे नेमकी कुठली ते कळेल. रॅमवर अनेक कंपन्यांची वॉरंटी बरीच लांब असते, बिल शोधून ठेवा. आणि हे निपटेपर्यंत त्या मशीनवर प्रोजेक्टची एकुलती एक कॉपी ठेवू नका, कारण खराब रॅम फाईल गुपचूप बिघडवते आणि कळतं तेव्हा सबमिशनची तारीख आलेली असते.

हे सगळं करूनही हिशोब बसत नसेल तर रॅम घ्या, पण आधी टास्क मॅनेजरमध्येच 'स्लॉट्स यूज्ड' बघा. २ पैकी १ दिसत असेल तर चांगलं आहे, आहे त्याच प्रकारची, म्हणजे डीडीआर४ असेल तर डीडीआर४ च, अजून एक स्टिक बसवता येईल. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे आकडा फसवू शकतो, म्हणून मॉडेलचं मॅन्युअल बघून खात्री केल्याशिवाय दुकानात पैसे देऊ नका. नवीन रॅम बसली की व्हीएमची मेमरी आपोआप वाढत नाही, ती सेटिंगमध्ये जाऊन तुम्हालाच वाढवावी लागेल, आणि त्याआधी एक रात्र मेमटेस्ट नव्या स्टिकवरही चालवा, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत.