जुन्या होल्स्टरवरची फुलांची नक्षी ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील जुनी चामडी होल्स्टर्स, म्हणजे कमरेला लटकवायची पिस्तुलाची म्याने, विकायला निघाली की त्यांवरच्या फुलांना हमखास ‘शेरिडन’ हे नाव मिळते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा प्रकार आहे. ही शैली वायोमिंगमधील शेरिडन गावात दुसऱ्या महायुद्धानंतर नावारूपाला आली आणि तिचे श्रेय मुख्यतः डॉन किंग या खोगीर-कारागिराला दिले जाते. त्यामुळे ‘१८९० सालचे शेरिडन’ असे कोणी सांगू लागला, तर एक तर होल्स्टर नंतरचे आहे किंवा नक्षी वेगळी आहे, एवढे गृहीत धरावे.

नवशिके फुलांच्या पाकळ्या मोजत बसतात, मात्र शैली कळते ती देठांवरून. शेरिडन नक्षीत फुले लहान व दाट असतात, देठ जवळजवळ पूर्ण वर्तुळ घेऊन फुलाला पोटात घेतो आणि एक वर्तुळ दुसऱ्यात गुंतत जाते, त्यामुळे ठोकून खाली बसवलेल्या जमिनीला, म्हणजे नक्षीमागच्या पार्श्वभूमीला, फारच थोडी जागा उरते. कॅलिफोर्निया वळणाच्या कामात फुले व पाने मोठी असतात, देठ ऐसपैस वळणे घेतात आणि मधली जमीन डोळ्यांत भरते. मी छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने फक्त देठ गिरवतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी शैलीचे नाव घेण्याची घाई करू नये.

दुसरी चूक खिशाला अधिक जड जाते. साच्याने दाबून उठवलेली नक्षी हाताने कोरलेली म्हणून घेतली जाते. माझ्या परिचयातील एका संग्राहकांनी कंबरपट्ट्यासह एक होल्स्टर, शतकापूर्वीचे हातकाम म्हणून, भरभक्कम किमतीला घेतले. पट्टा उलगडला तेव्हा पाच पाकळ्यांच्या एका रानगुलाबाच्या तिसऱ्या पाकळीवर बारीकशी खोच दिसली. वीतभर अंतरावरच्या पुढच्या गुलाबावर तीच खोच त्याच जागी होती आणि त्याच्या पुढच्यावरही होती. नक्षी दाबून उठवणाऱ्या रुळाला पडलेला तो टवका प्रत्येक फेऱ्यात चामड्यावर उमटत गेला होता. रेषा वापराने झिजून गोल झाल्या आहेत, असा त्यांचा बचाव होता. वास्तविक झीज होते ती उंचवट्यांची. स्विव्हल नाइफने, म्हणजे चामडे कोरायच्या फिरत्या पात्याच्या सुरीने, घेतलेल्या छेदाच्या तळाशी पात्याची धारदार रेघ टिकून राहते आणि त्या छेदाची एक कड बेव्हलरने, म्हणजे कड उतरती करणाऱ्या ठशाने, दाबलेली स्पष्ट दिसते. त्या पट्ट्यावर छेद कुठेच नव्हता, सर्वत्र गोलसर खळगे होते. पाकळ्यांवरचे निमुळते होत विरणारे शोभेचे काप तर शोधूनही सापडले नाहीत. तरीही ‘वास जुना आहे’ हे त्यांचे पालुपद चालूच राहिले.

हाताने कोरलेले म्हणजे नामांकित दुकानातले, हेही खरे नाही. महायुद्धानंतर टॅन्डीसारख्या कंपन्यांनी चामडेकामाची अवजारे, नमुने आणि तयार संच घरोघरी पोहोचवले, त्यामुळे हौशी मंडळींनी कोरलेली होल्स्टर्सही आज बाजारात पुष्कळ आहेत.

डेन्व्हरच्या हायझर किंवा एल पासोच्या मायर्स अशा नावाजलेल्या चामडेकामाच्या दुकानाचा शिक्का पाहून शैली ठरवू नये, कारण शिक्का दुकानाचा असतो आणि कोरणारे हात अनेक.

फोटो काढण्याआधी तेल चोपडणे, हा तर माझ्या मते गुन्हाच आहे. चामडे काळवंडते, बारीक छेद त्यात बुडून जातात आणि मग ओळखायला काही उरत नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, फ्लॅश बंद ठेवावा आणि अंधाऱ्या खोलीत विजेरी अगदी आडवी धरून पाहावे.

साध्या जुन्या होल्स्टरवर मागाहून फुले कोरून किंमत वाढवणारेही आहेत. नक्षी रीतसर सपाट, ओलसर चामड्यावर आधी कोरली जाते आणि शिवण नंतर पडते, म्हणून मी सर्वप्रथम शिवणीची कड तपासतो. ठशांचे घाव टाक्यांवर चढलेले असतील किंवा छेदांचा तळ वरच्या पृष्ठभागापेक्षा उजळ आणि ताजा दिसत असेल, तर त्या फुलांचे वय होल्स्टरच्या वयापेक्षा बरेच कमी समजावे.