प्रोस्टेटची जुनी सूज: आधी गोळी, मग तपासणी ही चूक टाळा

लघवीला जळजळ, ओटीपोटात जडपणा, बसलं की खाली ठणका, आणि हे सगळं महिनोन्‌महिने. असा माणूस लॅबच्या खिडकीशी बाटली ठेवतो तेव्हा मी आधी एकच विचारते, "दादा, अँटिबायोटिक चालू आहे का?" बहुतेकदा उत्तर येतं, "सकाळीच घेतली."

तिथेच घोळ होतो. औषध लघवीत उतरलेलं असतं, त्यामुळे कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही वाढत नाही. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तिथले जंतू मात्र जागचे हलत नाहीत. प्रोस्टेटमध्ये मोजकीच औषधं नीट पोचतात. शिवाय तिथल्या बारीक खड्यांवर जंतू चिकट थर करून बसतात. म्हणून डॉक्टर चार ते सहा आठवड्यांचा कोर्स देतात, पाच दिवसांचा नाही.

एक टेम्पोचालक आठवतात. आठ महिन्यांत त्यांनी मेडिकलमधून परस्पर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे चार कोर्स घेतले होते. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद. शेवटी तेवढंही बरं वाटेना. तीन रिपोर्ट 'नो ग्रोथ', तिन्ही वेळा गोळी चालूच. मग डॉक्टरांनी औषध थांबवलं, ठरलेले दिवस जाऊ दिले आणि दोन बाटल्या पाठवल्या: एक प्रोस्टेटच्या मसाजआधीची, एक नंतरची. पहिल्या नमुन्याच्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) तुरळक ठिपके, दुसरीवर गुलाबी वसाहतींची दाटी. ई. कोलाय, आतड्यात राहणारा जंतू. आणि प्लेटवर ठेवलेल्या सिप्रोच्या औषधी चकतीला अगदी खेटून जंतू वाढलेले, भोवती मोकळं वर्तुळच नाही, म्हणजे हे औषध त्यांच्यावर चालतच नाही! रिपोर्ट बघून डॉक्टरांनी औषध बदललं. यावेळी टेम्पोचालकांनी सहा आठवडे एकही गोळी चुकवली नाही. पुढच्या तपासणीत दोन्ही प्लेटा स्वच्छ होत्या.

उलटी चूकही तितकीच वाईट. सूज म्हणजे जंतूच, असं नसतं. जुनाट तक्रारीच्या शंभरातल्या पाच-दहा जणांतच जंतू सापडतात. बाकीच्यांचं दुखणं बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळच्या आखडलेल्या स्नायूंचं असतं. त्यांना कोर्सवर कोर्स देत राहणं मला अजिबात पटत नाही. तिथे फिजिओथेरपी कामाची.

सिप्रो दुधाबरोबर किंवा अँटासिड, कॅल्शियम, लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, तर थेट रुग्णालय गाठा. अशा वेळी मसाज केला तर जंतू रक्तात जाऊ शकतात.

सूज असताना पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) वाढतो. तो आकडा बघून कॅन्सरच्या धास्तीने झोप घालवू नका, सूज उतरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासा.

लघवीत पू-पेशी भरपूर आणि कल्चर पुन्हापुन्हा कोरं, तर टीबीची तपासणी मागा. क्षयाचे जंतू आमच्या नेहमीच्या प्लेटवर उगवत नाहीत, आणि सिप्रोच्या जातीच्या गोळ्यांनी ते अर्धवट दबतात, म्हणजे निदान आणखी लांबतं.

आणि नमुना दोन तासांच्या आत लॅबला पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, गाडीच्या डिकीत नको.