मावा हटत नाही? आधी मुंग्यांची वाट अडवा

झाडावरचा मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, धुऊन काढला तरी पुन्हा येतो, तेव्हा खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते बघा. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात.

१. खोडाभोवती चार बोटं रुंद जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा. सालीच्या खाचांत आधी कापूस भरा, नाहीतर मुंग्या पट्टीखालून जातात.
२. पट्टीवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. थेट सालीवर लावू नका, साल खराब होऊ शकते.
३. भिंतीला, कुंपणाला किंवा शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटा. हे राहून जातं आणि मग सगळी मेहनत वाया जाते! एक फांदीसुद्धा मुंग्यांना पुरते.
४. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारून मावा पाडा.

थरावर धूळ बसली की नवा थर द्या. कुंडी असेल तर पाणी भरलेल्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर ती ठेवली तरी चालते.

काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या दिसल्या तर मारू नका. त्या बहुधा ढालकिड्यांच्याच असतात आणि मावा फस्त करतात. म्हणून या काळात कीटकनाशकही नको.